पाच भांडारांत आईचं नाव

८ सप्टेंबर, सोमवार

लागलो! शिरूरला, कॉलेजच्या लायब्ररीत. सहा महिन्यांचं कंत्राट.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "किती दिस?"

"सहा महिने."

"काम न्हाई, तू किती दिस?"

बरोबरच आहे त्यांचं. रांजणगावच्या कंपनीत चार महिने. मग हुबळीच्या ट्रकवर. मग दौंडला स्टेशनबाहेर वडे तळले. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते सोडलंच. आईनं डबा मात्र नवा काढला. दोन कप्प्यांचा!

११ सप्टेंबर, गुरुवार

काम कळलं. ग्रंथपाल सुदर्शन सर – माणूस बरा, सारखी लवंग चघळतात – त्यांनी समजावलं. प्राध्यापक लोक शोधनिबंध लिहितात. ते कॉम्प्युटरवरच्या भांडारांत जमा करायचे, म्हणजे कुणालाही कुठूनही वाचता येतात. आधी पाच भांडारांत पाच वेळा टाकायला लागायचं. पाच फॉर्म, पाच पासवर्ड. आता मधे एक वेबसाईट आहे. तिच्याकडं एकदा टाकायचं. ती पाचही ठिकाणी पोचवते – आपल्या कॉलेजचं भांडार, विद्यापीठाचं, दिल्लीचं, परदेशातलं एक, आणि संशोधनाला निधी देणाऱ्यांचं.

मी म्हणालो, "म्हणजे आडत्या!"

"कसा काय?"

"गोणी एकदा त्याच्या गाळ्यावर उतरवायची. पुढं कुठल्या व्यापाऱ्याकडं काय, ते तो बघतो."

सर खूप हसले. म्हणाले, "फरक एकच. हा आडत्या गोणी उघडून बघत नाही. सडका कांदा घातलास तर पाचही ठिकाणी सडका जाईल. निवडून टाकायचं."

आता लायब्ररीत सगळेच त्या वेबसाईटला आडत्या म्हणायला लागलेत.

१२ सप्टेंबर

एकही निबंध आला नाही. दुपारी घोडनदीच्या पुलावर गेलो, बगळे मोजले. एकोणीस. परत आलो तर सर म्हणाले, "चहाला इतका वेळ?"

१६ सप्टेंबर, मंगळवार

सुरेखा मॅडम आल्या होत्या. समाजशास्त्राच्या. दौंडला राहतात, रोज जाऊन-येऊन करतात. उद्यापासून हैदराबादला, सव्वा महिना ट्रेनिंग. पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. त्यांचा निबंध हक्कसोडवर आहे. हक्कसोड म्हणजे बहीण बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडते, तो कागद. इकडं घरटी एक तरी आहे तसला. मॅडमनी बायकांशी बोलून बोलून लिहिलंय. तीन वर्षं फिरल्या.

फाईल जुन्या फॉन्टमध्ये आहे. आडत्याला ती चालत नाही, बदलून घ्यावी लागते, आणि बदलताना अक्षरं फुटतात. मॅडम म्हणाल्या, "फुटलेली अक्षरं तेवढी नीट कर. बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही."

"नाही लावत मॅडम."

लिहून ठेवतो. मी "नाही लावत" म्हणालो होतो.

१७ सप्टेंबर

एक्केचाळीस पानं. सगळे रफार उडालेत. पहिली नऊ-दहा पानं पद्धत, व्याख्या, तक्ते – नुसता रफार लावत गेलो, वाचली नाहीत. मग बायकांचं बोलणं सुरू झालं आणि काम राहिलं बाजूला! नुसताच वाचत बसलो. एकजण म्हणते, सही करताना भाचा मांडीवर होता, तो खेचाखेची करायला लागला म्हणून सही वाकडी आली, आणि तेवढंच तिला आठवतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

क्रमांक अकरा. शब्द तसेच्या तसे उतरवतो –

"माझं म्हायेर नदीपल्याड. भाऊ येकच. तालुक्याला कचेरीत नेलं. म्हणला, आक्का, अंगठा नको, सही कर, तुला येतीया. मी केली. भाईर आल्याव त्यानं मला उसाचा रस पाजला. सही मनानं न्हाई केली ओ. पन न्हाई म्हणले आसते तर भाऊबीजंला पाटावर कुणाला बसवलं आसतं? वाटा ठिवला आसता तर म्हायेर गेलं आसतं. मंग वाटाच सोडला. त्यो रस आजून घशात हाय."

ही आई आहे!

आमच्या शिरूर तालुक्यातून नदीपल्याड म्हणजे दौंडकडं, भांडगाव. एकच भाऊ – बापूसाहेबमामा. चार वर्षांपूर्वी मामा तिला कचेरीत घेऊन गेला होता, मला चांगलं आठवतंय. आणि सही! आजीनं तिला सही तेवढी शिकवली होती. माझी आई, जी मामाचं नाव निघालं की उठून चुलीकडं जाते, ती हे बोलली. मॅडमना कधी भेटली कुणास ठाऊक. मी तेव्हा हुबळीच्या ट्रकवर असेन.

दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

आणि वर नाव काय लिहिलंय तर 'ताईबाई'! माहेरच्या गावाचं नावही भलतंच. तीन वर्षं फिरलेल्या बाईनं माझ्या आईचं नाव चुकवावं?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नीट केलं. 'ताईबाई' काढलं. आईचं पूर्ण नाव टाकलं – सोजर, मग आप्पांचं नाव, मग आडनाव. माहेर भांडगाव, तालुका दौंड. आडत्याच्या फॉर्मवर 'शोधशब्द' म्हणून एक रकाना असतो, तिथंही भांडगाव टाकलं. सापडायला सोपं.

गावात कुणाच्या बारशाचा फ्लेक्स लागला तरी चाळीस नावं असतात. 'शुभेच्छुक' म्हणून शेंबडी पोरंसुद्धा. आईचं नाव आजवर कशावर आलं? रेशनकार्डावर. आता दिल्लीला येईल. परदेशात येईल.

जमा करा – बटण दाबलं. सर म्हणाले, "तपासलंस?"

"शब्दन् शब्द!"

२२ सप्टेंबर, सोमवार

पाचही ठिकाणी हिरवी खूण. स्वीकारलं, स्वीकारलं, स्वीकारलं, स्वीकारलं, स्वीकारलं.

घट बसले. आईला सांगितलं नाही. दिवाळीला छापून हातात देणार, आणि तिच्या नावावर तिचं बोट ठेवणार.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सरांनी स्कॅनरला हार घातला. स्कॅन करताना झेंडूची पाकळी आत गेली, आता प्रत्येक पानावर एक डाग.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहू का नको.

भांडगावात सोसायटीची निवडणूक आहे, मामा पॅनेलमध्ये उभा आहे. समोरच्या पॅनेलच्या कुणीतरी गावाचं नाव टाकून नेटवर शोधलं. त्या पानाला पिवळा रंग लावला आणि गावच्या ग्रुपवर टाकलं. 'बहिणीला रस पाजून सही घेणारा सोसायटी काय सांभाळणार!'

मामाचा फोन सकाळी आला. आईनं चुकून स्पीकर दाबला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सोजरे, काय बोलली तू त्या बाईपशी?"

आई गप्प.

"आगं बोल की! मी काय हात धरून सही घेतली व्हती तुझी?"

मामा दोनदा "हॅलो" म्हणाला.

"बरं. दिवाळीला न्यायला कोण येणार न्हाई. मीबी येणार न्हाई. मेलो आसं समज."

तिनं फोन पदराला पुसला आणि फडताळात ठेवला. चार्जिंगलाही नाही लावला.

५ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं. नाव मी टाकलं. ती शेंगा फोडत होती.

मला वाटलं मारेल. तिनं विचारलं, "आदी कुणाचं नाव व्हतं तितं?"

"ताईबाई. अशी कुणी नाहीच."

"मंग तीच ऱ्हाऊ द्यायाची."

मग थोड्या वेळानं, "पिरथ्या, आजून कुणाचं खरं नाव हाय का त्यात?"

"नाही. तुझं एकटीचंच."

"बरं झालं," म्हणाली. आणि शेंगा फोडायला लागली.

बरं झालं? मला रागवली असती तर बरं झालं असतं. आप्पाच रागावले, तेही तिच्यावर. "घरातलं भाईर बोलायचं कशाला? तुजं पोट दुखत व्हतं तर मला सांगायचं!" मी म्हणालो, आप्पा, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुजी तर हायच."

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पहिलं पान पहिल्यांदा वाचलं. तळाला बारीक अक्षरांत – 'या निबंधातील स्त्रियांची व गावांची नावे बदलली आहेत.' फॉन्ट बदलताना ही ओळ पार फुटली होती. मी तिचे रफार लावले होते. अक्षर अन् अक्षर नीट केलं होतं, वाचलं नव्हतं.

सुदर्शन सरांना सगळं सांगितलं – फक्त ती बाई माझी आई, एवढं सोडून. सरांनी लवंग थुंकली. "मॅडमना फोन लाव."

"आधी दुरुस्त करतो सर, मग सांगतो. त्या ट्रेनिंगमध्ये आहेत."

"पृथ्वीराज, त्यांनी त्या बायकांना शब्द दिलेला असतो."

मी म्हणालो, चार दिवस द्या. सरांनी दिले. द्यायला नको होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुरुस्त फाईल आडत्याकडं पुन्हा टाकली. पाचांकडं गेली. पण –

कॉलेज: बदलली. ती माझ्याच हातात आहे.
विद्यापीठ: नवी घेतली, पण जुनी खाली 'आवृत्ती १' म्हणून तशीच. दाबलं की उघडते.
दिल्ली: फाईल काढली, शोधशब्द राहिले. भांडगाव.
परदेश: इंग्रजीत उत्तर. सरांनी वाचून सांगितलं – लेखिकेनं स्वतः मागितल्याशिवाय काही काढत नाही.
निधीवाले: उत्तर नाही.

आडत्या माल पोचवतो. परत आणून देणं त्याचं कामच नाही. पाच गाळ्यांचे पाच मालक. शिवाय भांडगावच्या ग्रुपवरून ते पान आता वरवंडपर्यंत पोचलंय, तिथं तर कुणी मालकच नाही.

चार दिवस संपत आले. मॅडमना फोन लावला नाही. नंबर काढला, बंद केला, नदीवर गेलो. बगळे मोजायचं मन झालं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

मामाच्या पाया पडायला निघालो. पूल ओलांडला, हायवेला लागलो, भांडगावचा फाटा आला – आणि गाडी वळलीच नाही. दौंडला गेलो. स्टेशनात पुलावर उभा राहून मालगाडीचे डबे जोडताना बघितले. तासभर. एक डबा दुसऱ्याला लागतो तो आवाज मला लहानपणापासून आवडतो.

असा मी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी टाकून आज गेलोच. मामा गोठ्यात होता, खुराक कालवत होता. पाया पडू दिलं नाही.

मी सांगितलं, "मामा, नाव मी टाकलं. आईनं नाव सांगितलंच नव्हतं."

"नाव तू टाकलं. बोललं कोण?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "आई."

मामा खाली बसला. बादलीवरच बसला. निवडणुकीचं काहीच बोलला नाही. म्हणाला, "समद्या गावापुढं रस पाजला म्हणती. आरं, माघाची थंडी व्हती, रस कशाला पाजीन मी? च्या घेतला आमी, कचेरीपुढं. तिनं माझ्या पोरीला रिबिनी घेतल्या. हसत व्हती रे ती."

मला वाटलं, खोटं बोलतोय. आपल्याला पाहिजे तसंच माणसाला आठवतं.

निघताना तो म्हणाला, "हसत व्हती का न्हाई, तेबी आता म्हायती न्हाई मला."

१९ ऑक्टोबर, रविवार

पारूआत्या आली, दौंडकडल्या वरवंडहून. दरसाल दिवाळीला येते, भाऊबीज करून जाते. येताना चिवड्याचा डबा, आणि माझ्यासाठी टोमणा – "काय रं, आजून त्याच नोकरीत? तब्येत बरी हाय नव्हं?" घरात जरा आवाज आला.

तिलाही ग्रुपवर सगळं कळलंय. आल्याआल्या आईजवळ गेली. दोघी बराच वेळ चुलीपाशी होत्या. मी आत गेलो तर आत्या रडत होती आणि आई तिची समजूत काढत होती! उलटंच. पण आत्या आहेच हळवी.

जेवताना आप्पांनी पुन्हा तोच विषय काढला. "आमच्या पारूनं बी सही दिलीया की मला. काय बोलली का कवा? बहीण आसावी तर आशी."

"दादा, वरण घे," आत्या म्हणाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज.

आत्यानं अंगणात पाट मांडला, रांगोळी काढली. आप्पा टोपी घालून बसले. तिनं ओवाळलं. आप्पांनी साडी दिली, ती डोळ्याला लावली. आई दारात उभी होती, निरांजनाला तेल पाहिजे का बघत.

दिवसभरात कुठलीही गाडी वाजली की ती बाहेर यायची. "कुत्रं आलंया का बघती," म्हणायची. कुत्रं तर ओट्यावरच झोपलेलं.

संध्याकाळी बारीक कोर दिसली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई ताट घेऊन मागच्या दारी गेली. मला वाटलं तुळशीला. तिनं तोंड वर केलं आणि चंद्राला ओवाळलं. भाऊ असताना. बारा मैलांवर, जिवंत.

कोर लगेच बुडाली. ती हातात ताट घेऊन तशीच उभी.

मी केलं हे. ती मार्कशीट नसलेल्या पोराला दोन कप्प्यांचा डबा देते आणि मी तिचा भाऊ घालवला. उद्या मॅडमना फोन. नोकरी जाऊ दे.

२४ ऑक्टोबर

तीनदा लावला. बंद.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमनी उचलला. सगळं सांगितलं. आईच होती, हेही.

त्या म्हणाल्या, "पृथ्वीराज, तुझ्या आईला मी कधी भेटलेलेच नाही. शिरूर तालुक्यात मी एकही मुलाखत घेतली नाही. सगळ्या बायका दौंडकडच्या आहेत. पद्धतीत लिहिलंय ते, चौथ्या पानावर." क्रमांक अकरा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दौंडकडं नांदणाऱ्या बाईला नदीपल्याड म्हणजे आम्ही.

आई मागच्या दारी भांडी घासत होती. मी विचारलं, "मामाला सांगितलं का नाहीस, मी नाही म्हणून?"

"मी न्हाई म्हणलं आसतं, तर मंग कोण म्हणून हुडकलं आसतं त्येंनी." तिनं तांब्या पालथा घातला. "माझं म्हायेर गेलं त्ये गेलं. वन्संचं तरी ऱ्हाऊ दे. आन् हळू बोल. आप्पा जेवत्यात."